वरच्या थराची चिकणमाती

१

व्हर्लिन हाउग्रुड संध्याकाळी आपल्या वाळूच्या खाणीत ट्रक लावायला आला, तेव्हा त्याला आधी नुसती टोपी दिसली. कुणीतरी विसरून गेलं असेल म्हणून तो ती उचलायला गेला, तर टोपीखाली हालवर ट्वेटेनचा चेहरा होता. बाकीचा हालवर छातीपर्यंत वाळूत होता.

उत्तर मिनेसोटातल्या नॉर्बी गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. गावातलं एकुलतं एक मोटेल त्या आठवड्यात हालवरच्याच माणसांनी भरत आलं होतं. बर्फयुगाचा अभ्यास करणारी ही मंडळी दर वसंतात कुठल्यातरी मुलखात जमतात, शाळेच्या पिवळ्या बसमधून खाणी आणि ओढ्यांचे काठ पालथे घालतात, एकमेकांच्या सिद्धांतांची चिरफाड करतात आणि संध्याकाळी एकाच टेबलाशी बिअर पितात. यंदाचा यजमान हालवर होता. दोन दिवसांनी तो सगळ्यांना याच खाणीत आणणार होता.

मार्नी ओस्टबी पोचली तोवर त्याला बाहेर काढून झालं होतं. ती राज्याच्या भूगर्भ खात्यात नकाशे करायची. कधीकाळी हालवरची विद्यार्थिनी, पुढं त्याच्याशी बरोबरीनं भांडणारी मैत्रीण. चादरीखालून हालवरचे हात बाहेर आले होते. दोन्ही हातांत त्याचे जुने कातडी मोजे तसेच होते. मार्नीनं तेवढंच पाहिलं आणि मान वळवली.

"डॉक्टर म्हणतात, छातीवर भार आला आणि श्वास कोंडला," शेरीफचा डेप्युटी लेलँड ब्यूलिए म्हणाला. लेलँड शाळेत तिच्या वर्गात होता. "एकटाच होता बिचारा. या वयात एकट्यानं कड्याखाली उभं राहायचं म्हणजे काय म्हणावं?"

"त्याला कळत होतं सगळं," मार्नी म्हणाली. "आम्हा सगळ्यांना त्यानंच शिकवलंय, कड्याखाली एकट्यानं जाऊ नका म्हणून."

"मग का गेला?"

याचं उत्तर मार्नीकडे होतं. सकाळी हालवरनं तिला विचारलं होतं, "चल ना, नळ्या ठोकायला कुणीतरी हवंय." आणि ती म्हणाली होती, मला पुढच्या टेकाडावर खुणेच्या काठ्या रोवायच्या आहेत. काठ्या दुपारीही रोवता आल्या असत्या. पण आदल्या आठवड्यात तिच्या नकाशातली एक टेकडी चुकली म्हणून हालवरनं भर बैठकीत तिची टर उडवली होती, लोक पोट धरून हसले होते, आणि तो राग अजून तिच्या नाकावर होता.

"त्याचा फोन ट्रकच्या सीटवर मिळाला," लेलँड म्हणाला. "शेवटचा कॉल तुला आहे, मार्नी. दुपारचा. काय म्हणाला तो?"

मार्नी खाणीच्या कड्याकडे बघत राहिली.

"मी उचलला नाही," ती म्हणाली.

२

हालवरची बायको बर्गिट स्वयंपाकघरात बसली होती. शेजारणींनी आणलेली हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्याची, भांडी टेबलावर रांगेनं निवत पडली होती. मार्नी आत आली तशी बर्गिट म्हणाली, "बस. आणि खाणींची फेरी रद्द करायची का, असं विचारायला आली असशील तर विचारू नकोस. माणसं इतक्या लांबून आलीत. त्याला आवडलं नसतं."

"मी त्यासाठी नाही आले."

"मग?"

मार्नीला खरं सांगायचं होतं. मी त्याच्यासोबत गेले नाही, त्याचा फोन वाजला तेव्हा नाव बघून खिशात टाकला. पण बर्गिटच्या हातातला रुमाल बघून तिचं धैर्य गळालं.

"तो एकटा कसा गेला, तेच कळत नाही," ती म्हणाली, आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडताच तिला स्वतःचीच शरम वाटली.

"तेच मी लेलँडला म्हटलं," बर्गिट म्हणाली. "जानेवारीत त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, तुला माहितीय ना? परवा त्याच्यानं बिडाचा तवा फळीवरून निघेना, मी काढून दिला. आणि लेलँड म्हणतो, ट्रकमध्ये वाळूच्या नळ्या मिळाल्या. तीन."

"तीन नळ्या?"

"भरलेल्या. झाकलेल्या."

मार्नी कॉफीचा कप तोंडाशी नेता नेता थांबली. पोलादाची ती नळी कड्यात आडवी ठोकायची, पुरी आत जाईपर्यंत. आतल्या वाळूला उजेडाची तिरीपही लागू द्यायची नाही, कारण त्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं तेच पुढं प्रयोगशाळेत मोजायचं असतं. आणि गच्च बसलेल्या वाळूत ती ठोकायची म्हणजे मोठा हातोडा दोन्ही हातांनी डोक्यावरून आणावा लागतो.

"बर्गिट," ती हळू आवाजात म्हणाली, "मग हातोडा कुणी मारला?"

३

सकाळी मोटेलच्या एका रिकाम्या खोलीत लेलँडनं ट्रकमधल्या वस्तूंचा खोका टेबलावर ठेवला. "हात लाव, हरकत नाही. पण तू काय शोधतेयस ते मला सांगत राहा. मला या नळ्यांतलं ओ की ठो कळत नाही."

तिन्ही नळ्यांची तोंडं काळ्या प्लास्टिकनं बंद करून वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पहिल्या दोन स्वच्छ होत्या, पिवळ्या वाळूचे चार कण इकडेतिकडे. तिसरी मात्र बरबटलेली. पट्टीवर, पट्टीच्या वेढ्यांच्या आत, सगळीकडे राखाडी चिकट माती वाळून सिमेंटसारखी घट्ट झाली होती. त्यात बोटांचे ठसे उमटले होते, उघड्या बोटांचे.

"फोन दाखव."

फोनच्या काचेवरही तीच राखाडी माती होती.

मार्नी खुर्चीत मागं रेलली. "लेलँड, त्या कड्याचे थर आठव. खाली काय आहे?"

"वाळू. पिवळी."

"आणि वर?"

"राखाडी चिकणमाती. माणूसभर उंच असेल."

"हालवर खालच्या वाळूत काम करत होता. ती राखाडी माती त्याच्या डोक्यावर होती. ती खाली येणार कधी?"

लेलँडला एक क्षण लागला. "कडा कोसळल्यावर."

"म्हणजे पहिल्या दोन नळ्या कोसळण्याआधी बंद झाल्या. तिसरी त्यानंतर. आणि फोनही त्यानंतर लागला."

"सकाळी तो वर चढला असेल, हात माखले असतील."

"त्याच्या हातांत मोजे होते. तू स्वतः बघितलेस. मोजे घालून पट्टीवर बोटांचे ठसे उमटत नाहीत, आणि ते हात वाळूखाली होते."

बाहेर बसमधून नवी माणसं उतरत होती, त्यांच्या हसण्याचा आवाज आला आणि कुणीतरी गप्प केल्यासारखा थांबला.

"कुणीतरी तिथं होतं," लेलँड म्हणाला. "त्यानं हातांनी माती उकरली. नळी बंद केली. तुला फोन लावला."

"हो."

"मग तो तुला का लावला? आमचा नंबर तर पोरासोरांनाही पाठ असतो."

मार्नीला याचंही उत्तर सुचत होतं, आणि ते तिला अजिबात नको होतं. आपण जवळच्या टेकाडावर आहोत हे फक्त हालवरला माहीत होतं. मग तिचं नाव त्या अनोळखी माणसाला कुणी सांगितलं असेल? सांगायला हालवर तेव्हा जिवंत असायला हवा होता.

४

पहिला संशय लेलँडला खाणमालकाचा आला. व्हर्लिननं तो नाकारलाही नाही.

"कडा सरळ उभा कापायचा नसतो, मला माहितीय," तो म्हणाला. त्याच्या हातातली टोपी गरगर फिरत होती. "तुम्हीच शरदात सांगून गेला होतात, मार्नी. उतार द्या म्हणून. मी म्हटलं, हा रस्त्याचा माल एकदा जाऊ दे, मग देतो. काल दिवसभर मी दुसऱ्या खाणीतून माल वाहत होतो, गावातल्या रस्त्यावर सगळ्यांनी मला बघितलंय. पण खरं विचाराल तर मीच मारलंय त्याला."

"तुम्ही मारलं नाहीत, व्हर्लिन."

"मग कुणी मारलं?" त्यानं खरोखरच विचारलं, आणि मार्नीला त्याच्याकडे बघवेना.

दुपारी मोटेलच्या जेवणघरात वेंडेल स्ट्रॅडर एकटा बसलेला होता. आयोवाचा प्राध्यापक, अंगानं थोराड, बोलायला तिखट. या मुलखातून बर्फ कधी हटलं, यावर त्याचं आणि हालवरचं अर्ध्या आयुष्याचं वैर होतं. हालवर म्हणायचा बर्फ लवकर गेलं, वेंडेल म्हणायचा उशिरा. त्या वादावर दोघांनी कागदाची रिमं खर्ची घातली होती. आता त्याच्यासमोर सूप निवत होतं.

"या, बसा," तो म्हणाला. "सगळे माझ्याकडे असे बघतायत, जणू मी टाळ्या वाजवणार आहे."

"तुम्ही कधी आलात?"

"संध्याकाळी. आयोवाहून दिवसभर गाडी हाकत. आलो तर हे." त्यानं चमचा ठेवला. "वैर होतं आमचं, पण कागदावरचं. कुणाशी भांडायचं आता? बाकीचे सगळे बोलायला मऊ आहेत."

"उद्या खाणीत त्याच्याबद्दल कुणीतरी बोलायला हवं. तुम्ही बोलाल?"

"मी?" वेंडेलनं खिडकीबाहेर बघितलं. "मी काय बोलू? एवढंच म्हणेन की माणूस वेडा नव्हता. कड्यातली ती पाचर बघितली की मानावंच लागतं. जमीन उघडी पडल्यावर कितीतरी हिवाळे गेल्याशिवाय तशी पाचर होत नाही. मी जन्मभर त्याला मूर्ख म्हणत आलो." त्याचा आवाज खाली गेला. "नको. दुसरं कुणी बघा."

मार्नीला त्याची दया आली. वैऱ्याचं एवढं मोठं मन तिला अपेक्षित नव्हतं. आणि तिच्या डोक्यात तेव्हा दुसरंच काही घोळत होतं. नळ्यांवरच्या पट्टीचं टोक. प्रत्येक नळीवर पट्टीचं शेवटचं टोक जरासं आत दुमडून ठेवलेलं होतं, नखात धरता यावं म्हणून. लाल मिणमिणत्या दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत ज्याला या नळ्या उघडाव्या लागतात, त्यालाच असं दुमडायचं सुचतं. आणि हालवरच्या सोबत अशी एकच व्यक्ती काम करत होती.

सायमा निस्कानेन, त्याची सहायक, पार्किंगमध्ये बसच्या पायरीवर फेरीच्या पुस्तिका लावत होती.

"काल दुपारी कुठं होतीस?" मार्नीनं विचारलं.

सायमाचे हात थांबले. "खोलीत. पाठ धरली होती."

"मोटेलवाली म्हणते, तुझी गाडी नव्हती."

"मग मोटेलवाली म्हणते ते खरं असेल."

"सायमा, तिसरी नळी तू बंद केलीस. टोक तूच दुमडतेस. तू तिथं होतीस आणि त्याला तसाच टाकून आलीस."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. पण उत्तर आलं तेव्हा तिचा आवाज स्थिर होता.

"मी शेजारच्या ग्रँड फोर्क्स शहराच्या वाचनालयात बसून नोकरीची मुलाखत देत होते. तेल कंपनीची. हे शास्त्र सोडून चाललेय मी, मार्नी. हालवरना तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून पाठ दुखतेय असं खोटं सांगितलं. मी खरं बोलले असते तर त्यांनी दिवस बदलला असता. किंवा मी गेले असते सोबत." तिनं पुस्तिका मांडीवरून खाली ठेवल्या. "कंपनीला फोन करा, वाचनालयाला करा. पण तुम्ही मला असं विचाराल, असं मला वाटलं नव्हतं."

मार्नी तशीच माघारी वळली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्गिटनं मार्नीला बोलावून हालवरचा कॅमेरा दिला. तो त्याच्या गळ्यातच होता, लेलँडनं परत केला होता.

"त्यानं काढलेला शेवटचा फोटो मला नीट कळत नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, तू सांगशील."

फोटो कड्याचा होता. ताज्या तासलेल्या पिवळ्या वाळूत वरून रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली एक काळपट पट्टी उतरली होती, सुरीसारखी. शेजारी मापाला फावडं टेकवलेलं. बर्फाची पाचर. मार्नीनं अशा कितीतरी पाहिल्या होत्या. कडाक्याच्या थंडीत उघडी जमीन तडकते, तड्यात बर्फ साठत जातं, हवा बदलली की बर्फ वितळतं आणि त्या जागी वाळू भरते. तड्याचा आकार मात्र राहतो. बर्फाखाली झाकलेल्या जमिनीत हे होत नाही. हालवरच्या बाजूनं इतका बोलका पुरावा दुसरा नसता.

तिनं फोटो नेऊन सायमासमोर धरला. कालच्या बोलण्यानंतर सायमा तिच्याकडे बघत नव्हती, पण फोटोकडे तिला बघावंच लागलं.

"ही पुस्तिकेत का नाही?"

"कारण ही मी कधी पाहिलीच नाही," सायमा म्हणाली. तिनं फोटो जवळ घेतला. "शरदात कडा आम्ही दोघांनी तासला होता. तेव्हा ही नव्हती. परवा त्यांनी अजून आत खणलं असणार, तेव्हा निघाली. देवा, यासाठी ते किती वर्षं थांबले होते."

"आणि आता?"

"आता काय? तो भागच कोसळलाय. सकाळी मी जाऊन आले. तिथं नुसता ढीग आहे."

मार्नी कॅमेरा हातात धरून उभी राहिली. पाचर निघाली ती परवा. गेली तीही परवा. मधल्या वेळात जो त्या कड्यासमोर उभा होता, फक्त त्यानंच ती बघितली. फोटो बर्गिटनं कुणाला दाखवला नव्हता, पुस्तिकेत एक अक्षर नव्हतं. मग काल जेवणघरात ऐकलेलं ते वाक्य?

ती पाचर बघितली की मानावंच लागतं.

"सायमा," ती म्हणाली, "नळीचं टोक दुमडायचं, हे हालवरला कुणी सांगितलं होतं?"

"मीच. वर्षभर कटकट करत होते त्यांच्यामागं. अंधारात टोक सापडत नाही, नखं तुटतात म्हणून. ते हसायचे आणि विसरायचे." तिनं मार्नीकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. "का?"

"त्यानं या वेळी लक्षात ठेवलं होतं," मार्नी म्हणाली. "आणि ज्याच्याकडून त्यानं काम करवून घेतलं, त्यालाही सांगितलं होतं. काल मी तुला जे बोलले ते मला परत घेता येणार नाही. पण मी चुकले होते, हे तुला माझ्या तोंडून ऐकायला मिळायला हवं."

सायमानं मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही.

६

बस प्राचीन सरोवराच्या एका जुन्या काठावर थांबली होती. आता तिथं गव्हाच्या सपाट मुलखात लांबच लांब वाळूचा वरंबा तेवढा उरलाय. माणसं अंडं घातलेली सँडविचेस खात गटागटानं उभी होती. आज कुणी कुणाशी वाद घालत नव्हतं, आणि ती शांतता त्या कळपाला शोभत नव्हती.

मार्नी वेंडेलला बाजूला घेऊन गेली. तिनं फोटो दाखवला नाही, आवाज चढवला नाही.

"पाचर तुम्ही कुठं बघितलीत, वेंडेल?"

त्यानं सँडविच कागदात परत गुंडाळलं. फार सावकाश, कोपरे जुळवून.

"मी बोलून गेलो ना ते," तो म्हणाला. "बोललो तेव्हाच कळलं मला. तुम्हाला कळलं नाही, म्हणून काल रात्री झोपलो नाही. कळावं असं वाटत होतं बहुतेक."

"त्यानं बोलावलं होतं तुम्हाला?"

"हिवाळ्यात मीच लिहिलं त्याला. माझे आकडे माझ्याच हातात जुळेनासे झाले होते. म्हटलं, लोक यायच्या आत मला एकदा बघू दे, कुणाला सांगू नकोस. तो म्हणाला, ये, हातोडा मारायला मला माणूस हवाच आहे." वेंडेलच्या ओठांवर हसू येऊन गेलं. "दोन तास आम्ही पोरांसारखे खणत होतो. पाचर निघाली तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता सुनावणार. तर म्हणाला, फावडं टेकव, फोटो काढू."

"मग?"

"तिसरी नळी मी उपसून काळ्या कापडाखाली ठेवली होती. वळलो आणि मागं धप्प आवाज झाला. वाळू आणि तिच्यासोबत वरची थोडी राखाडी माती खाली आली होती. तो कमरेपर्यंत आत होता, हात मोज्यांसकट रुतलेले. शुद्धीवर होता. हसत होता, मार्नी. मी उकरायला लागलो तर मलाच ओरडला. ऊन फिरतंय, आधी नळी बंद कर, मग मला काढ. टोक दुमड, म्हणाला, सायमाला अंधारात सापडत नाही."

मार्नीनं बसकडे पाठ केली.

"आणि तुम्ही आधी नळी बंद केलीत."

"केली. कारण तो म्हणाला. कारण ती नळी माझ्याविरुद्धची होती, आणि मी ती मुद्दाम खराब होऊ दिली असं त्यानं आयुष्यभर म्हणायला नको होतं मला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आयुष्यभर. बघा काय शब्द आला. मग म्हटलं, अग्निशमनवाल्यांना बोलावतो. तर नको म्हणाला, ते खाणीला कुलूप लावतील, फेरी बुडेल. माझा फोन घे, मार्नी शेजारच्या टेकाडावर आहे, ती येईल, दोन शिव्या देईल आणि काढेल. खाली सिग्नल नव्हता. मी वर रस्त्यापर्यंत धावलो. तुम्हाला लावला."

तो थांबला. पुढचं त्याला बोलायचं नव्हतं, ते तिनंच बोलायचं होतं.

"मी उचलला नाही. नाव बघितलं आणि खिशात टाकला."

"मला वाटलं होतं, तुम्ही लांब असाल. गाडीत असाल."

"नाही. मी काठीवर हात टेकून उभी होते. रागात होते."

वारा गव्हाच्या कोवळ्या पात्यांवरून गेला. बसपाशी कुणीतरी सगळ्यांना हाक मारत होतं.

"तेवढ्यात वरचा उरलेला राखाडी थरही आला," वेंडेल म्हणाला. "मी वरूनच बघितलं. खाली पोचलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि तो नव्हता. मी उकरत राहिलो, मग राहिलो नाही. नळ्या त्याच्या ट्रकमध्ये ठेवल्या. फोन ठेवला. गाडीत बसलो. पहिल्यांदा वाटलं, कोण विश्वास ठेवेल? त्याचा वैरी, तो मेलेला, आणि जवळ तिसरं कुणी नाही. हे मी लेलँडला सांगेन आणि ते खरंच आहे. पण तुम्हाला सांगतो, ते कारण मला नंतर सुचलं. आधी मी फक्त पळालो."

"आधी त्यांनाच फोन लावला असतात तर?"

"हेच विचारत बसलोय मी. तो वाचला असता का, तुम्ही आला असतात तर वाचला असता का. शास्त्रज्ञ आहे, आकडेमोड करून बघतो. जुळत नाही."

मार्नीनं बसला पुढं जायला सांगितलं आणि लेलँडला फोन केला.

७

काउंटीच्या कोर्टात वेंडेलवर जो गुन्हा लागला तो लहान होता, मृत्यूची खबर न दिल्याचा. शिक्षा त्यानं न कुरकुरता भोगली, आणि विद्यापीठ सोडलं ते त्यानंतर, कुणी न सांगता. व्हर्लिननं कड्याला उतार दिला. सायमा तेल कंपनीत गेली खरी, पण जाण्याआधी त्या अंधाऱ्या खोलीत बसून तिन्ही नळ्या तिनंच उघडल्या. शरदात आकडे आले. हालवर बरोबर होता, त्याला वाटत होतं त्याहून जास्त बरोबर. आपले जुने निष्कर्ष मागं घेणारा लेख वेंडेलनं स्वतः लिहून पाठवला.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी दुपारी जबाब संपल्यावर मार्नी त्याला गाडीत घालून बर्गिटच्या घरासमोर घेऊन आली, आणि आधी एकटीच आत गेली.

तिनं काही गाळलं नाही. नकाशातली टेकडी सांगितली, रागही सांगितला, फोनवर चमकलेलं नावही. बर्गिट सिंककडे तोंड करून ऐकत होती. मार्नीचं बोलून संपलं तरी ती वळली नाही.

"मी काय म्हणावं म्हणून आलीयस?" तिनं विचारलं. "काही नाही झालं, तुझा दोष नाही, असं?"

"नाही."

"बरं आहे. कारण ते आज माझ्यानं होणार नाही. उद्याचं माहीत नाही." तिनं नळ उघडला, परत बंद केला. "आणि तुला वाटत असेल की मी तुला घालवून देईन, तर तेही नाही. त्याच्याबद्दल भांडता येईल असं तुला सोडून माझ्याकडे कोण आहे?"

मार्नी खुर्ची ओढून बसली.

"वाळूत असताना तो हसत होता, म्हणालीस."

"वेंडेल म्हणतो."

"वेंडेल कुठं आहे?"

"बाहेर. गाडीत."

बर्गिट आता वळली. तिनं खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. गाडीत पुढच्या सीटवर एक थोराड माणूस खाली मान घालून बसला होता. ती बराच वेळ बघत राहिली, मग तिनं डोळे पुसले आणि रुमाल खांद्यावर टाकला.

"त्याला आत आण," ती म्हणाली. "मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. पहिल्यापासून, खणायला लागले तिथपासून. काय काय बोलला, कसा हसला. मध्ये काही गाळू नको म्हणावं."

मार्नी अंगणातून चालत गाडीपाशी गेली. वेंडेलनं काच खाली केली, पण विचारायचं धैर्य त्याला झालं नाही. तिनंच त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"चला," ती म्हणाली. "तिला सगळं ऐकायचंय. मीही बसते सोबत."